ऑफिसातली सामायिक लाइन: तार गेली, मग दिवा कोण लावणार?

नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयात गेल्या उन्हाळ्यात टेलिफोनची तांब्याची तार जाऊन फायबर आले आणि त्याच सपाट्यात भिंतीवरचा जुना इंटरकॉमचा डबा उतरवून टेबलांवर व्हीओआयपीचे, म्हणजे संगणकाच्या जाळ्यातून बोलणारे, नवे फोन बसले. फोन देखणे होते, पडदे रंगीत होते, आवाजही पहिल्यापेक्षा स्वच्छ येत होता. तरीही तिथे १९ वर्षे फोन घेणाऱ्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "साहेब, दिवे कुठे गेले?"

जुन्या यंत्रात प्रत्येक फोनवर चार बटणे आणि चार दिवे होते. ताई फोन उचलत, बोलणे होल्डवर टाकत आणि आत आवाज देत, "साहेब, दोन नंबरवर सिन्नरची पार्टी आहे." साहेब त्या वेळी स्वतःच्या खोलीत असोत, फायलींच्या खोलीत असोत की एखाद्या आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवाराच्या, टेबलाशी उभे असोत, हाताशी असलेल्या फोनवरचे लुकलुकणारे दोन नंबरचे बटण दाबून ते थेट बोलू लागत. नव्या फोनवर दोन नंबर नावाची वस्तूच नव्हती. यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने "ट्रान्सफर करा" असे सांगितले खरे, पण ट्रान्सफर करायला साहेब नेमके कोणत्या टेबलाशी आहेत हे आधी ठाऊक असावे लागते, आणि नेमकी तीच गोष्ट त्या कार्यालयात कोणालाच कधी ठाऊक नसे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून शरणपूर रोडवरच्या दवाखान्यांपर्यंत ज्या ज्या ठिकाणी हा बदल होतो आहे, तिथे थोड्याफार फरकाने हीच तक्रार ऐकू येते. तिचे मूळ यंत्राच्या दर्जात नाही. तांब्याच्या तारेवर लाइन सामायिक असणे हा त्या तारेचाच स्वभाव होता. व्हीओआयपीत तो स्वभाव उरत नाही, तो मुद्दाम मांडून घ्यावा लागतो. एवढा फरक नीट समजला, तर तंत्रज्ञाकडे काय मागायचे ते आपोआप कळते.

जुन्या यंत्रात लाइन खरोखरच एक होती

एक्स्चेंजमधून येणारी तांब्याची जोडी कार्यालयातल्या डब्यापर्यंत येई. एक्स्चेंज त्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब सतत ठेवी. कोणी रिसीव्हर उचलला की तारेतून प्रवाह सुरू होई आणि लाइन वापरात आहे हे डब्याला त्याच क्षणी समजे. तार एकच असल्याने तिची अवस्थाही एकच असे, आणि प्रत्येक फोनवरचा दिवा तीच अवस्था दाखवी.

पंचवटीतल्या एखाद्या जुन्या धर्मशाळेच्या काउंटरमागे खोल्यांच्या किल्ल्यांचा फळा लावलेला असतो. खिळ्यावर किल्ली नसली म्हणजे खोली भरलेली आहे, हे व्यवस्थापकालाही दिसते, झाडणाऱ्या मावशींनाही दिसते आणि दारात उभ्या असलेल्या यात्रेकरूलाही दिसते. कोणी कोणाला काही कळवावे लागत नाही आणि फळा कधी चुकत नाही, कारण किल्ली एकाच वेळी खिळ्यावरही आणि पाहुण्याच्या खिशातही असू शकत नाही. जुने यंत्र म्हणजे हा फळा होता.

नव्या यंत्रात "लाइन" कुठे शोधायची

व्हीओआयपी म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे करून ते संगणकाच्या जाळ्यातून पाठवण्याची पद्धत. साधारणपणे एका सेकंदाच्या आवाजाचे ५० तुकडे होतात. हे तुकडे कोणी कोणाला पाठवायचे, हे फोन आणि सर्व्हर एका ठरलेल्या भाषेत आपसांत बोलून ठरवतात. त्या भाषेला सिप म्हणतात, आणि तिचे आज वापरात असलेले मूळ प्रमाण २००२ सालचे आहे. "मी चालू झालो", "मला अमक्याला फोन लावायचा आहे", "बोलणे संपले" अशी तिची वाक्ये असतात. सर्व्हर म्हणजे जुन्या डब्याची जागा घेणारी संगणक प्रणाली. ती कार्यालयातल्याच एखाद्या लहान संगणकावर चालते किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे दूर कुठेतरी ठेवलेली असते. १९९९ पासून विनामूल्य मिळणारे ॲस्टरिस्क हे या जातीतले सर्वांत परिचित नाव, आणि बाजारात निरनिराळ्या वेष्टनांत मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात तेच असते.

या व्यवस्थेत प्रत्येक फोन हा सर्व्हरकडे नोंदवलेला एक स्वतंत्र खातेदार असतो. त्याला स्वतःचा एक्स्टेन्शन क्रमांक असतो, स्वतःचा पासवर्ड असतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या फोनशी त्याचा परस्पर काही संबंध नसतो. धर्मशाळेचा फळा काढून टाकून प्रत्येक कारकुनाला स्वतंत्र वही द्यावी आणि एका शिपायाला टेबलाटेबलांवर फिरून "तीन नंबरची खोली गेली हो" असे सांगत राहण्याचे काम द्यावे, तशी ही रचना आहे. शिपाई चपळ असेल तर वह्या जुळतात. तो एका टेबलाशी जायचा राहिला, तर त्या वहीत भरलेली खोली रिकामी दिसत राहते.

शिवाय "लाइन" या एका शब्दाचे आता तीन तुकडे झाले आहेत. व्हिजिटिंग कार्डावर छापलेला ०२५३ ने सुरू होणारा क्रमांक ही एक गोष्ट. त्या क्रमांकावर एकाच वेळी किती बोलणी चालू शकतात, म्हणजे कंपनीने किती चॅनेल दिले आहेत, ही दुसरी. आणि आत किती फोन आहेत ही तिसरी. पूर्वी चार लाइनी म्हणजे चार तारा, चार क्रमांक आणि चार बोलणी असे सरळ गणित होते, आणि पहिला क्रमांक व्यस्त असेल तर फोन दुसऱ्यावर जावा म्हणून एक्स्चेंजकडून हंटिंग करून घेत असत. मोठी कार्यालये पीआरआय नावाची मोठी जोडणी घेत, त्यात एका जोडणीवर ३० बोलणी चालत. आता एकाच क्रमांकावर चार, दहा किंवा वीस चॅनेल घेता येतात. म्हणून "आम्हाला चार लाइनी द्या" हे वाक्य नव्या व्यवस्थेत अपुरे पडते, आणि ते ऐकून उलट प्रश्न न विचारता मान डोलावणाऱ्या तंत्रज्ञाबद्दल मला तरी शंका येते.

एका मागणीत दडलेल्या तीन मागण्या

"फोन सामायिक पाहिजेत" असे म्हणणाऱ्याला बहुधा तीनपैकी एक गोष्ट हवी असते, आणि या तिन्हींची मांडणी वेगवेगळी करावी लागते.

पहिली मागणी अशी, की बाहेरून फोन आला की सगळीकडे वाजावा आणि जो मोकळा असेल त्याने घ्यावा. याला रिंग ग्रुप म्हणतात. सर्व्हरवर एक गट करून त्यात एक्स्टेन्शन टाकायचे आणि मुख्य क्रमांकावर येणारा फोन त्या गटाकडे वळवायचा, की काम होते. सगळे एकदम वाजवायचे, की आधी ताईंचा फोन दहा सेकंद वाजू देऊन मग बाकीचे, हेही ठरवता येते. पाच-सात माणसांच्या कार्यालयात सगळेच फोन एकदम वाजवू नयेत असे माझे मत आहे, कारण सगळ्यांचा फोन वाजतो तेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी उचलेल.

दुसरी मागणी कोण बोलत आहे आणि कोण मोकळे आहे हे दिसण्याची असते. त्यासाठी फोनच्या बाजूच्या बटणांवर सहकाऱ्यांची नावे आणि दिवे लावतात. या सोयीला सगळीकडे बीएलएफ म्हणतात, आणि आपल्या व्यवहारापुरता तिचा अर्थ "दुसऱ्याच्या फोनचा दिवा" एवढाच आहे. लक्षात ठेवायचे ते हे, की हा दिवा माणसाचा आहे, लाइनीचा नाही.

तिसरी मागणी ताईंची: एकाने होल्डवर टाकलेला फोन दुसऱ्या कोणीही, कोणत्याही टेबलावरून उचलता यावा. खरी सामायिक लाइन म्हणतात ती हीच, आणि त्रास देते तीही हीच. नव्या यंत्राच्या माहितीपत्रकावर पहिल्या दोन सोयी ठळक छापलेल्या असतात; तिसरी आहे असे गृहीत धरले जाते, आणि ती नाही हे यंत्र बसल्यावर कळते.

एकच खाते तिन्ही फोनवर भरले तर?

ही युक्ती प्रत्येकाला सुचते, आणि पहिल्या दिवशी ती चालल्यासारखीही वाटते. एकच एक्स्टेन्शन आणि तोच पासवर्ड तीन फोनवर भरला, आणि एका खात्यावर एकाहून अधिक फोन नोंदवण्याची मुभा सर्व्हरने दिली, तर तिन्ही फोन वाजतात. मुभा नसेल, तर मर्यादेपलीकडचा फोन नोंदवलाच जात नाही किंवा नवा नोंदवला की जुना गळतो. मग "सकाळी चालत होता, आता मुका झाला" अशी तक्रार सुरू होते, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटवर जातो.

मुभा मिळाली तरी काम अर्धेच झालेले असते. पहिल्या फोनवर बोलणे होल्डला टाकले, तर ते त्या फोनच्याच ओंजळीत राहते. बाकीच्या दोघांना त्याची गंधवार्ता नसते. एका नावाचे तीन शिक्के करून तिघांना वाटले, तर तिघेही कागदावर शिक्का उठवू शकतील, पण एकाने कोणत्या कागदावर उठवला हे दुसऱ्याला कसे कळणार? ते कळवण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि सामायिक लाइन म्हणजे ती सोय होय.

दिवा पेटतो कसा, आणि अडकतो का

फोन चालू झाला की तो सर्व्हरला सांगतो, "अमक्या लाइनीची बातमी मला कळवत जा." वर्तमानपत्राची वर्गणी भरावी तसे हे असते, आणि सिपच्या परिभाषेतही त्याला वर्गणी याच अर्थाचा शब्द आहे. त्या लाइनीवर फोन वाजू लागला, उचलला गेला किंवा संपला, की सर्व्हर प्रत्येक वर्गणीदाराला निरोप पाठवतो आणि निरोप मिळाला की फोन आपला दिवा बदलतो. बोलण्याची अवस्था अशी कळवण्याची प्रमाण पद्धत २००५ साली ठरली.

१२ फोनच्या कार्यालयात प्रत्येकाने बाकीच्या ११ जणांचे दिवे लावून घेतले, तर १३२ वर्गण्या होतात. एक साधा फोन आला, वाजला, उचलला आणि ठेवला, तर तीन बातम्या ११ जणांना, म्हणजे ३३ निरोप. सर्व्हरला हे ओझे जड नाही, पण निरोप वाटेत हरवू शकतात. सर्व्हर दूर कंपनीकडे असेल आणि मधल्या राउटरने वाट विसरून टाकली, तर "बोलणे संपले" हा निरोप पोहोचत नाही आणि दिवा लालच राहतो. वर्गणीला मुदत असते, बऱ्याच फोनमध्ये ती एक तासाची असते. नूतनीकरणाच्या वेळी ताजी स्थिती मिळते आणि दिवा आपोआप विझतो. "तासाभराने आपोआप बरे होते" या गूढ तक्रारीचे उत्तर बहुधा इथे सापडते. ही मुदत कमी करणे, निरोप हरवला तर पुन्हा पाठवला जाईल अशी टीसीपी ही वाहतूक पद्धत निवडणे, आणि राउटरमधली सिप एएलजी नावाची सोय बंद करणे, हे तीन उपाय आधी करून पाहावेत. या सिप एएलजीचा हेतू मदत करण्याचा आहे, पण सिपचे निरोप वाटेतच उघडून त्यातले पत्ते बदलण्याची तिला खोड आहे, आणि ते काम ती अनेकदा चुकीचे करते.

बहुतेकांना पार्किंगच पुरते

खऱ्या सामायिक लाइनीकडे वळण्याआधी एक सोपी वाट सांगितली पाहिजे, कारण माझ्या अनुभवात दहापैकी आठ कार्यालयांचे काम तिच्यावर भागते. तिला कॉल पार्किंग म्हणतात. फोन घेणारा माणूस बोलणे स्वतःच्या फोनवर न अडकवता सर्व्हरवरच्या एका ठरावीक जागेत उभे करतो. सर्व्हर त्याला जागेचा क्रमांक बोलून दाखवतो, समजा ७१. मग आत आवाज द्यायचा, "साहेब, एकाहत्तरवर सिन्नरची पार्टी आहे." साहेबांनी कोणत्याही फोनवरून ७१ फिरवले, की बोलणे त्यांच्याकडे येते. म्हणजे दोन नंबरचा एकाहत्तर नंबर झाला, एवढेच.

७१, ७२, ७३ या जागांचे दिवे प्रत्येक फोनच्या बटणांवर लावून घेतले, तर चित्र जवळजवळ जुन्यासारखे होते: दिवा पेटला म्हणजे कोणीतरी थांबले आहे, आणि बटण दाबले की बोलणे सुरू. त्यातही निवडक बटणांवर "दाबले की पार्क" अशी सोय करून दिली, तर ताईंना क्रमांक फिरवण्याचेही कारण उरत नाही. एकच काळजी घ्यायची. पार्क केलेले बोलणे कोणी उचलले नाही, तर ठरावीक वेळाने ते पार्क करणाऱ्याकडे परत येते. ॲस्टरिस्कमध्ये ही वेळ मुळात ४५ सेकंद असते, आणि फायलींच्या खोलीतून साहेब फोनपर्यंत पोहोचायला ती कमी पडते. कॅनडा कॉर्नरच्या कार्यालयात ती ९० सेकंद करून घ्यावी लागली.

पार्किंगचा फायदा असा, की तो कोणत्याही कंपनीच्या फोनवर चालतो, कारण सगळे काम सर्व्हर करतो आणि फोनने फक्त क्रमांक फिरवायचा असतो.

मग खरी सामायिक लाइन कोणाला लागते?

जिथे बाहेर जाणारे फोनही ठरावीक लाइनीवरूनच जायला हवेत, तिथे ती लागते. एका वकिलांच्या कार्यालयात दोन भागीदारांचे दोन स्वतंत्र क्रमांक आहेत आणि दोघांची लेखनिक एकच आहे; तिने कोणाच्या वतीने फोन लावला, हे समोरच्याला दिसणाऱ्या क्रमांकावरून कळले पाहिजे, आणि तिने जोडून दिलेले बोलणे भागीदाराने आपल्या टेबलावरून सहज उचलले पाहिजे. साहेब आणि स्वीय सहायक अशी जोडी असलेल्या प्रत्येक ठिकाणी हीच गरज असते. तसेच पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराकडे हंगामात एकाच लाइनीवर शीतगृह, वाहतूक आणि हिशेब अशा तिघांची नजर ठेवावी लागते, तिथेही पार्किंग तोकडे पडते.

बसवताना प्रत्येक सामायिक लाइनीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र नोंद करतात आणि ज्या फोननी ती दाखवायची ते तिचे सभासद करतात. प्रत्येक सभासदाची ओळख वेगळीच राहते. मग प्रत्येक फोनच्या मांडणीत जाऊन त्या बटणाचा प्रकार साध्या लाइनीवरून बदलून सामायिक असा करावा लागतो. हे एक पाऊल राहून गेले तर सर्व्हरने कितीही तयारी केली असली तरी होल्डचे बटण जुन्याच पद्धतीने वागते. फोन उचलून बाहेर क्रमांक लावतानाही आता फोन आधी सर्व्हरला विचारतो, "ही लाइन मी घेऊ का?" आणि होकार मिळाला की मगच डायल टोन येतो, कारण दोन टेबलांवर दोघांनी एकाच क्षणी तेच बटण दाबले तर कोणाला द्यायची, हे कोणीतरी ठरवले पाहिजे. तार होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. दोघेही एकमेकांना "हॅलो" म्हणत.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट खरेदीच्या आधीची आहे. सामायिक लाइनीची सर्वमान्य प्रमाण पद्धत २०१५ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे सिपचे मूळ प्रमाण आल्यानंतर तब्बल १३ वर्षांनी. मधल्या काळात प्रत्येक मोठ्या उत्पादकाने आपापली रीत काढली आणि तिला आपापले नाव दिले. त्यामुळे एका कंपनीचा फोन आणि दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर साध्या फोनाफोनीसाठी उत्तम जमत असले, तरी सामायिक लाइनीच्या बाबतीत एक अहिराणी बोलतो आणि दुसरा मालवणी, अशी गत होते. माहितीपत्रकावरच्या शब्दांवर विसंबू नये. विक्रेत्याला दोन फोन टेबलावर ठेवायला सांगावे, एकावर बोलणे होल्ड करावे आणि दुसऱ्यावरून उचलून दाखवायला सांगावे. यासाठी पाच मिनिटे लागतात, आणि टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालेलेच असते.

कोणीही मध्येच ऐकू शकेल का?

शकेल, तशी मुभा ठेवली तर. ॲस्टरिस्कच्या सामायिक लाइनीत आतून एक लहानशी कॉन्फरन्स असते. बाहेरचा माणूस तिच्यात बसलेला असतो आणि ज्याने बटण दाबले तो आत येतो. त्यामुळे चालू बोलण्यात दुसऱ्याने शिरणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य असते, आणि ते चालू ठेवायचे की बंद, याची एक खूण मांडणीत असते. होल्डवरचे बोलणे कोणीही उचलावे की ज्याने टाकले त्यानेच, हीसुद्धा दुसरी खूण असते. दवाखान्यात किंवा कर सल्लागाराकडे शिरण्याची मुभा बंदच असावी. होल्ड मात्र सर्वांना खुला ठेवावा, नाहीतर सामायिक लाइन घेण्याचा हेतूच बुडतो. जुन्या तारेवर कोणी रिसीव्हर उचलला की आवाज किंचित बारीक होई आणि बोलणाऱ्याला चाहूल लागे. इथे तशी चाहूल लागतेच असे नाही, म्हणून हा निर्णय तंत्रज्ञावर सोडू नये.

एक फोन येतो आणि पाच फोनवर मिस्ड कॉल दिसतो

रिंग ग्रुप बसवल्यावर आठवडाभरात ही तक्रार येते. एकाने फोन उचलला तरी बाकीच्या पाचांच्या पडद्यावर मिस्ड कॉल म्हणून नोंद होते, आणि दुपारनंतर एकाच ग्राहकाला तिघे उलट फोन करतात. बाकीचे फोन वाजायचे थांबवताना "दुसरीकडे उचलला गेला आहे" असे कारणही सोबत पाठवण्याची तरतूद सिपमध्ये आहे. सर्व्हरने ते पाठवले आणि फोनला ते समजले, तर नोंद होत नाही. ही खूण बहुतेक यंत्रांत असते, फक्त चालू केलेली नसते.

उलट फोनाचाच आणखी एक घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. पण येणाऱ्या मोबाइलचा क्रमांक पडद्यावर अनेकदा शून्याविना दहा आकडीच दिसतो. ताई मिस्ड कॉलच्या यादीतून तो निवडून हिरवे बटण दाबतात आणि फोन लागत नाही. सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणाऱ्या दहा आकडी क्रमांकाला सर्व्हरने स्वतःच शून्य जोडावे, असा नियम एकदा लिहून ठेवला की हा त्रास कायमचा जातो.

नेट गेले, वीज गेली, तर?

ही हरकत रास्त आहे. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधून वीज मिळे, म्हणून घरात अंधार असला तरी साधा फोन चालू राही. फायबरमधून वीज येत नाही. त्यामुळे फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि सर्व्हर या चारही गोष्टी यूपीएसवर हव्यात. एक जरी सुटली तरी बाकीच्या तिघी निरुपयोगी. फोनना वेगवेगळे ॲडॅप्टर लावण्याऐवजी नेटच्या केबलमधूनच वीज देणारा स्विच घ्यावा. योगायोग असा, की हा स्विचही फोनला सुमारे ४८ व्होल्टच देतो, आणि त्याच्या मूळ प्रकारात एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात, जे फोनला भरपूर होतात. मुख्य क्रमांकावरचा फोन सर्व्हर बंद पडल्यास एखाद्या मोबाइलवर वळावा, एवढी व्यवस्था सेवा देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी.

नेटच्या वेगाची मात्र लोक उगाच चिंता करतात. नेहमीच्या दर्जाच्या एका बोलण्याला प्रत्येक दिशेने सेकंदाला ९० किलोबिटपेक्षाही कमी जागा लागते. दहा बोलणी एकदम चालली तरी एक मेगाबिट पुरतो. खरी अडचण गर्दीची असते. कोणी दुपारी मोठा बॅकअप वर चढवू लागला, की आवाजाचे तुकडे त्या फायलींच्या मागे रांगेत उभे राहतात आणि बोलणे तुटक ऐकू येते. आवाजाला एका दिशेने जायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. द्वारका चौकात रस्ता कितीही रुंद केला तरी रुग्णवाहिकेला वाट काढून द्यावीच लागते, तसे राउटरमध्ये आवाजाच्या तुकड्यांना प्राधान्य द्यावे लागते. महागडे पॅकेज घेण्याआधी हे करून पाहावे.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?

दोन माणसांच्या कार्यालयाला खरोखर नको. पण मोबाइल माणसाचा असतो आणि लँडलाइनचा क्रमांक कार्यालयाचा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर वर्षभर ग्राहकांचे फोन जात राहिले, असे एक तरी उदाहरण प्रत्येक व्यावसायिकाला ठाऊक असते. शिवाय सर्व्हरवर नोंदवलेले ॲप मोबाइलमध्ये टाकून तोही एक एक्स्टेन्शन करता येतो, म्हणजे गंगापूर रोडवर गाडीत बसलेले साहेबही रिंग ग्रुपमध्ये येतात. फक्त ॲपमध्ये खरी सामायिक लाइन सहसा मिळत नाही. पार्क केलेला ७१ मात्र तिथूनही उचलता येतो, म्हणून पार्किंगच्या बाजूने हाही एक मुद्दा.

पासवर्ड आणि बाहेरचा दरवाजा

एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवणे ही यातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सिप सर्व्हरचे दरवाजे दिवसरात्र ठोठावत बसणारे प्रोग्रॅम जगभर चालू असतात. एकदा आत शिरले, की ते कार्यालय बंद असताना, बहुधा शनिवार-रविवारी, महागड्या परदेशी क्रमांकांना फोन लावतात आणि बिल सोमवारी कळते. लांब, यादृच्छिक पासवर्ड, परदेशी फोन गरजेपुरतेच खुले, आणि सर्व्हरला बाहेरून थेट वाट नाही, एवढे केले तरी बहुतेक धोका टळतो. सार्वजनिक टेलिफोन जाळ्याशी जोडणी मात्र परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. स्वस्तात परदेशी मार्गाने फोन लावून देतो असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

बसवण्याच्या दिवशी

तंत्रज्ञ जायच्या आधी तासभर राखून ठेवावा, आणि चाचणी साहेबांनी न करता रोज फोन घेणाऱ्या माणसाने करावी. बाहेरून मोबाइलवरून फोन करावा, एका टेबलावर उचलून होल्ड किंवा पार्क करावा, सर्वांत लांबच्या टेबलावरून घ्यावा, आणि त्याच वेळी दुसऱ्या मोबाइलवरून आणखी एक फोन आणावा. बोलणे संपल्यावर प्रत्येक फोनचा दिवा विझला का, हे फिरून बघावे. मुख्य स्विच बंद करून यूपीएसवर सगळे किती वेळ तग धरते, हे घड्याळ लावून मोजावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्व्हरच्या डायल नियमांत अडत नाहीत ना, हे तंत्रज्ञाला त्याच्या पडद्यावर दाखवायला लावावे, कारण आधी शून्य लावण्याच्या नियमात हे तीन आकडी क्रमांक हमखास विसरले जातात. शेवटी सर्व्हरच्या मांडणीची एक प्रत आणि सगळे पासवर्ड लिहून स्वतःच्या ताब्यात घ्यावेत.

कॅनडा कॉर्नरच्या कार्यालयाने शेवटी खरी सामायिक लाइन घेतलीच नाही. चार पार्किंगच्या जागांचे दिवे सहाही फोनवर लावून घेतले आणि सर्व्हरवर त्या जागांचे क्रमांक ७१ ते ७४ ऐवजी बदलून १ ते ४ करून घेतले. आता ताई पूर्वीसारखेच आवाज देतात, "साहेब, दोन नंबरवर सिन्नरची पार्टी आहे."